फाईलच्या शेवटच्या दोन ओळी

दहा मिनिटांचं काम मी दोन वर्षं केलं नाही, आणि आज पहाटे साळवीकाका गेले.

झोपेतच. हार्ट अटॅक.

काका आमच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. एकदा कुणीतरी बाहेरून आमच्या सर्व्हरमध्ये घुसलं, सगळ्या ऑर्डरी लॉक झाल्या. कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे, म्हणून मी त्या सर्व्हर मशीनवर पहारा देणारा एक प्रोग्राम बसवला. कोण लॉगिन करतंय, कोण चुकीचे पासवर्ड मारतंय, ते बघत राहतो आणि मोबाईलवर मेसेज टाकतो.

बसवला म्हणजे काय, हाताने चालू करून ठेवला. बॅकग्राउंड सर्व्हिस केली असती तर मशीनबरोबर तोही आपोआप सुरू झाला असता.

नंतर करू म्हटलं. राहिलं.

आणि इथली लाईट तुम्हाला माहीतच आहे, सारखी जाते.

लाईट येऊन सर्व्हर सुरू व्हायचा, पहारा मात्र बंदच. मग काका त्यांच्या गावाहून, मालगुंडहून, स्कूटर काढून रत्नागिरीला यायचे, मी चिठ्ठीवर लिहून दिलेली कमांड एका बोटाने टाईप करायचे आणि परत जायचे. रविवारीसुद्धा.

मी कारखान्याजवळच राहतो. पण रविवारी फोन उचलत नाही.

गेल्या गणपतीत काकांचं घर मुंबईच्या माणसांनी भरलेलं, तरी आरती टाकून आले. मला लाज वाटली. फोनवर म्हटलं, काका, सुट्टी संपली की सर्व्हिसच करून टाकतो.

"कर सावकाश. तोवर मी हाय ना."

मागच्या आठवड्यात वही घेऊन माझ्या टेबलाशी आले होते.

"समीर, जरा एक बघशील?"

मी कॉलवर होतो. सोमवारी बघू म्हणालो. सोमवारी मी विसरलो, आणि त्यांनी आठवण केली नाही.

आज दुपारी त्यांना स्मशानात पोचवून परत येताना मॅनेजरचा फोन. सकाळी लाईट गेली होती, पहारा बंद आहे, तू जरा बघ.

गेलो. सर्व्हिसची फाईल लिहायला घेतली, तर त्या नावाची फाईल आधीच होती.

काकांनी लिहिलेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, बहुतेक मोबाईलवर व्हिडिओ बघून. सगळं बरोबर. मशीनबरोबर सुरू हो असं सांगणाऱ्या शेवटच्या दोन ओळी तेवढ्या नव्हत्या.

फाईलच्या वरती कमेंट, म्हणजे स्वतःसाठी लिहिलेली टीप होती: "हाताने चालू होते, लाईटनंतर उठत नाही. समीरला दाखवणे."

वहीत हेच घेऊन आले होते.

दोन ओळी घातल्या. सर्व्हिस इनेबल, म्हणजे कायमची चालू केली. मुद्दाम मशीन बंद करून चालू केलं, आणि प्रोग्राम आपणहून उठला.

दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग तिथेच खुर्चीत बसून रडलो. आता अंगात काही उरलेलं नाही.

तुमची कमेंट पुसलेली नाही, काका.

झालं ते काम. आता लाईट गेली तरी येऊ नका, घरी थांबा.