मी तिथेच होतो

पासपोर्टचे फोटो काढता काढता आत्याचा माणसांवरचा विश्वास पार उडाला होता. बसस्टँडसमोरच्या गल्लीत तिचा स्टुडिओ होता. म्हणजे पुढे काउंटर, मागे पडदा आणि पडद्याआड एक फिरतं स्टूल. त्या स्टुलावर बसणाऱ्या प्रत्येकाला आपण देखणे आहोत असं वाटायचं आणि फोटो हातात पडला की दोष कॅमेऱ्याचा. "जे आहे तेच आलंय," असं ती तोंडावर सांगायची. तिने लग्न केलं नाही, कुणाची मनं सांभाळली नाहीत. तिच्या जिभेला धार आहे, असं नातेवाईक म्हणत, आणि ते तिला आवडायचं.

तिच्या मनातल्या तुच्छतेचा मोठा वाटा होता तो सख्ख्या भाच्यासाठी. तिचा भाऊ, दादा, पोस्टातला साधा कारकून. पण त्याचा हा मुलगा कुठल्याशा कंपनीत मॅनेजर झाला आणि तेव्हापासून त्याच्या कानाला लागलेला फोन काही सुटेना. जेवताना फोन, जिना उतरताना फोन. "अंघोळीला तरी एकटा जातोस का रे?" आत्याने एकदा विचारलं. तो हसला. बिचाऱ्याला ते कौतुक वाटलं.

दादाच्या साठाव्या वाढदिवसाला भाच्याने गावाबाहेरचा एक बंगला दिवसभरासाठी भाड्याने घेतला. मागे हिरवळ आणि मधोमध निळ्या फरशीचा स्विमिंग पूल. आत्याला आमंत्रण होतं, पण कॅमेऱ्यासकट. फुकटचा फोटोग्राफर कुणाला नको असतो?

तिने एका कोपऱ्यातली खुर्ची पकडली आणि जमलेल्या मंडळींवर नजर फिरवली. एक काका पोट आत ओढून पुलाच्या काठावर उभे होते. कधीकाळी आपण नदी पार केली होती हे ते तिसऱ्यांदा सांगत होते आणि पाण्यात मात्र पाऊल टाकत नव्हते. बायका सावलीत बसून न आलेल्या बाईबद्दल बोलत होत्या. पाण्यात पोरं. त्यांत सगळ्यांत लहान भाच्याची मुलगी, चार वर्षांची. घरात तिला चिमणी म्हणत. तिच्या दोन्ही दंडांना हवेचे नारिंगी फुगे चढवले होते आणि ते चढवले म्हणजे आईबापांची ड्यूटी संपली, असा एकंदर समज दिसत होता.

"पोरांकडे लक्ष ठेवा हं!" दादाची सून, म्हणजे चिमणीची आई, आत ताटं मांडायला जाताना म्हणाली. कुणाला म्हणाली, ते देवालाच ठाऊक. काकांनी मान डोलावली, दादा "हो हो" म्हणाला, भाच्याने फोनवर बोलता बोलता एक बोट वर केलं. झालं. इतकी माणसं लक्ष ठेवतायत म्हटल्यावर प्रत्येक जण निश्चिंत झाला.

मधेच चिमणी काहीतरी खायला बाहेर आली. खाताना हाताला अडतात म्हणून कुणीतरी तिचे फुगे काढून हिरवळीवर टाकले. खाऊन झाल्यावर ती परत पुलाकडे गेली, तशीच, आणि ते कुणीही पाहिलं नाही.

आत्याने पोरांचा एक फोटो घ्यावा म्हणून कॅमेरा डोळ्याला लावला. काचेतून तिला चिमणी दिसली. पोरीची मान मागे कलली होती, तोंड उघडं, पाणी ओठांशी. केस डोळ्यांवर आले होते आणि ती ते बाजूला करत नव्हती. हात पाण्यावर दाबत होती, जणू शिडी चढायचा प्रयत्न करतेय. ना ओरडणं, ना पाणी उडवणं. आणि त्याच चौकटीत, हात लांब केला तर पोरीला लागेल इतक्या जवळ, काठावरच्या खुर्चीत फोनवर बोलत बसलेल्या भाच्याचा पायावर टाकलेला पाय हलत होता.

कॅमेरा हातातून कधी पडला ते तिला कळलं नाही. चपलांसकट ती पायऱ्या उतरली. पाणी तिच्या कमरेला लागलं. कमरेएवढ्या पाण्यात ते लेकरू बुडत होतं! तिने काखेत हात घालून चिमणीला उचललं आणि काठावर कुशीवर झोपवलं. क्षणभर काहीच नाही. मग पोरगी खोकली, भडाभडा ओकली आणि रडायला लागली. आत्याला इतकं गोड रडणं आयुष्यात ऐकू आलं नव्हतं.

"अरे! काय झालं?" भाचा उठून उभा राहिला. फोन हातातच. "मी तिथेच होतो, आत्या!"

"खुर्चीसुद्धा तिथेच होती," आत्या म्हणाली आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली.

मग सगळे एकदम बोलू लागले. पोरीबद्दल कमी, थोबाडीबद्दल जास्त. "एवढ्या लोकांत?" "मॅनेजर माणूस तो!" काका म्हणाले, "थोडं नाकातोंडात गेलं असेल. आम्ही तर असेच पोहायला शिकलो."

"तुम्ही शिकलात ते बघतेच आहे सकाळपासून," आत्या म्हणाली. "गाडी काढा. दवाखान्यात न्यायचंय हिला."

"केक कापून जाऊ या का?" दादाने चाचरत विचारलं. आत्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सुनेने मात्र चपलाही न घालता चिमणीला टॉवेलात गुंडाळलं आणि गाडीत जाऊन बसली. डॉक्टरांनी छाती तपासली, आणलंत ते बरं केलंत म्हणाले आणि श्वासावर लक्ष ठेवायला म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी पोरगी बिस्किटासाठी हट्ट करत घरी गेली.

नातेवाइकांत पुढे गोष्ट फिरली ती अशी: चिमणी जराशी घसरली आणि आत्याने तमाशा केला. भाच्याने बोलणं टाकलं. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. उलट स्टुडिओतला फोन जरा शांत झाला.

मग एके दिवशी सून काउंटरपाशी येऊन उभी राहिली. चिमणीला पोहण्याच्या क्लासला घातलं होतं. "आत्या, रविवारी तुम्ही याल का बरोबर? मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही."

"मला कशाला ओढतेस? बापाला बसव. येते मी, पण त्याला बसवायला."

रविवारी सुनेबरोबर भाचाही आला, तोंड फुगवून. आत्याने हात पुढे केला. त्याने मुकाट्याने फोन तिच्या पर्समध्ये टाकला.

"काठावर बस. हात पोचेल असं. कुणाशी गप्पा नाहीत. उठायचं झालं तर बायकोला सांगायचं, 'आता तू बघ', आणि ती 'हो' म्हणेपर्यंत हलायचं नाही."

"एवढं मला कळतं, आत्या."

"कळत होतं तेव्हाच पोरगी बुडत होती."

तो बसला. पँट गुडघ्यांपर्यंत भिजली तरी बसला. शिकवणारी बाई होती, तरी त्याची नजर हलली नाही. बऱ्याच वेळाने मात्र त्याने मान वळवून आत्याकडे पाहिलं. शाबासकी हवी होती त्याला, या वयात.

"माझ्याकडे काय बघतोस?" आत्या खेकसली. "तिकडे बघ!"