विनायकरावायले ‘छान’ म्हणता येत नाही

रायपुरात मराठी पुस्तक वाचणारे किती, ते मले नका विचारू. पण वाचून नाक मुरडणारा माणूस एकच आहे, अन् तो माझ्या लहान बहिणीनं, रमानं, पदरात पाडून घेतला. विनायकराव. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाले. पुरानी बस्तीत घर आहे. चहा झाला का ओट्यावर खुर्ची टाकून वाचत बसतात, अन् चेहरा असा का कोणी एरंडेल पाजून राहिलं.

एवढ्यात काय काय वाचलं ते ऐका. पुण्याची एक कादंबरी आणली होती. त्यातला नायक फ्लॅटच्या गॅलरीत कॉफी पीत तीनशे पानं स्वतःले शोधून राहिला. विनायकराव म्हणाले, याची बायको याले गहू दळाले काहून नाही पाठवत, गिरणीच्या लाइनीत सापडला असता. मग एका बाईचं बस्तरवरचं पुस्तक. दोन दिवस हॉटेलात राहिली अन् तिले तिथल्या लोकायचं मन समजलं. हे म्हणाले, मी इतकी वर्षं रमासोबत राहून राहिलो, मले अजून तिच्या मनातली भाजी समजत नाही. एका कारखानदाराचं आत्मचरित्र वाचलं. तो शून्यातून उभा राहिला म्हणे. त्या शून्याच्या मागं बापाची राइस मिल होती, पण ती परिशिष्टात.

मी एकदा विचारलं, इतकं वाईट आहे तर ठेवून काहून नाही देत? म्हणे, ‘‘ताई, अर्धं वाचून सोडलं तर शिव्याही अर्ध्याच देता येतात.’’ म्हणून हा माणूस भिकारातलं भिकार पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचते. मागच्या जाहिरातीसकट.

तर यायची पोट्टी कौमुदी. बँकेत आहे. मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. तिनं निरंजन नावाचा पोट्टा पसंत केला. नागपूरचा आहे, इथं रायपूरबाहेर उरला म्हणून कारखान्यायची वस्ती आहे तिथं इंजिनियर, जवळच बीरगावात खोली घेऊन राहते. पोट्टा साधा, हसरा, मले पाहिल्याबरोबर वाकून नमस्कार केला, मी तर तिथंच विकल्या गेली. दोघायचं जमलेलं होतं, मोठ्यायनं पाहण्याचं नाटक तेवढं बाकी होतं.

अन् मग नागपूरहून कुरियर आलं. आमच्या इकडची एक रीत आहे. पाटबंधाऱ्यातला, बांधकामातला मोठा साहेब रिटायर झाला का आधी घर बांधते, मग गुडघे बदलते, मग कादंबरी छापते. स्वतःच्या खर्चानं. अन् घरात सोयरिकीची गोष्ट निघाली का कुंडलीसोबत कादंबरीही येते. पोरीकडच्यायनं वाचायची अन् ‘छान’ म्हणायचं. निरंजनचे वडील शालिग्रामजी पाटबंधाऱ्यातलेच. कादंबरीचं नाव ‘कालव्यापलीकडची करुणा’. रमाले तर घामच फुटला. कुंडलीत दोष निघाला तर शांत करता येते, कादंबरीतल्या दोषाची कुठं करायची?

तिनं पुस्तक गव्हाच्या कोठीत लपवलं. विनायकरावायनं दुपारपर्यंत शोधून काढलं. तीन दिवस ओट्यावर नुसता ‘हं’, ‘हंहं’ आवाज येऊन राहिला. रमा आतून देवाचं नाव घेऊन राहिली. पाव्हणे यायच्या सकाळी कौमुदी बापासमोर बसली. डोळे भरून आले होते तिचे.

‘‘पापा, एक ही शब्द बोलना है आपको. छान. उसके बाद पोहे खाते रहिए.’’

विनायकराव म्हणाले, ‘‘हव.’’ पण आवाज असा का दाढ काढाले निघाले.

शालिग्रामजी आले, सोबत त्यायच्या बायको शारदाबाई, अन् निरंजन. बसले, पाणी झालं, पोहे आले. पोरीले दोन प्रश्न विचारले असतील नसतील, शालिग्रामजी खुर्ची पुढं ओढून म्हणे, आमची करुणा पोचली का?

‘‘पोचली. छान आहे,’’ विनायकराव म्हणाले. कौमुदीचा जीव भांड्यात पडला.

पण लेखकाचं पोट एका ‘छान’नं भरते का बाप्पा? काय छान वाटलं, म्हणून विचारलं. हे म्हणाले, बाइंडिंग. तिकडून अजून काही? हे म्हणाले, कागद बरा आहे, डोळ्याले त्रास होत नाही. रमानं यायच्या प्लेटीत पुन्हा पोहे टाकले. मीही जिलेबी टाकली. तोंड बंद राहावं म्हणून आम्ही दोघी बहिणी त्या माणसाले बकासुरासारखं खाऊ घालून राहिलो.

शालिग्रामजी रंगात आले. नागपुरात आमच्या सगळ्या सोयऱ्यायनं वाचली, म्हणे. शेवटी करुणा मरते तिथं एकही माणूस रडल्याशिवाय राहिला नाही. आमची ही तर दोन दिवस जेवली नाही.

विनायकरावायनं जिलेबी खाली ठेवली. मी मनात म्हटलं, गेलं लग्न.

‘‘ती शेवटी मरत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘ती सातव्या प्रकरणात मरते. तेरावं होते. अन् नवव्यात ती मस्त पिठलं करून राहिली.’’

कौमुदीनं डोळे मिटून घेतले. शालिग्रामजी म्हणाले, असं होऊच शकत नाही. विनायकराव आत गेले, पुस्तक आणलं, दोन्ही पानं उघडून समोर ठेवली. शालिग्रामजीनं चष्मा लावला. सातवं वाचलं. नववं वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग कबूल केलं, छापायच्या वेळी प्रकरणं मागंपुढं केली होती.

अन् मग ते हळूच बायकोकडं वळले. ‘‘तू तर दोन दिवस जेवली नव्हती.’’

शारदाबाई पदराशी खेळत म्हणाल्या, ‘‘एक दिवस एकादशी होती.’’

दुसऱ्या दिवसाचं त्या बोलल्या नाहीत. मी निरंजनकडं पाहिलं तर तो पंख्याकडं पाहून राहिला होता. मले इतकं हसू आलं का मी चहाच्या निमित्तानं उठली.

चहा घेऊन आली तर काय, शालिग्रामजी विचारून राहिले, अजून काय खराब आहे? अन् विनायकरावायले तेच पाहिजे होतं. अमावास्येले चांदणं पाडलं म्हणाले. सगळी माणसं सूर्य बुडताच रडतात, दुपारी कोणाले दुःखच नाही. खलनायक इतका पाजी का कुत्रंही त्याले पाहून कविता म्हणते. शालिग्रामजी भांडले. कुत्र्याचं प्रतीक आहे म्हणाले. हे म्हणाले, मग प्रतीकाले पट्टा बांधा. चहावर साय धरली. जाताना शालिग्रामजीनं नमस्कारही धड केला नाही. तुम्ही भारी घमंडी माणूस आहात, एवढं बोलले अन् गाडीत बसले.

त्या संध्याकाळी घरात कोणी जेवलं नाही. कौमुदी बापाशी बोलली नाही. अन् विनायकराव, ज्यायनं जन्मात कोणत्या पुस्तकाची माफी मागितली नाही, ते पोट्टीच्या दारापाशी दोनदा जाऊन परत आले. मले म्हणाले, ताई, मी छान म्हटलं होतं ना पहिले?

सकाळी फोन आला. रमानं स्पीकरवर टाकला. शालिग्रामजीच होते. आवाज बसलेला, रात्रभर पुस्तक वाचलं म्हणे, स्वतःचंच. सोयऱ्यायले फोन लावून विचारलं, करुणा कोणत्या प्रकरणात मरते. एकालेही सांगता आलं नाही. ‘‘विनायकराव, पूर्ण वाचणारे तुम्ही एकटेच निघाले. मुलगी आम्हाले पसंत आहे. पण माझी दुसरी कादंबरी लिहून तयार आहे. ती छापायच्या आधी तुम्ही वाचायची, तर तारीख काढू.’’

रमानं हात जोडले. कौमुदी दारात उभी, ओढणीचं टोक दातात. मी विनायकरावायले कोपरानं ढोसलं.

‘‘किती जाड आहे?’’ त्यायनं विचारलं.

पहिलीच्या दुप्पट, तिकडून उत्तर आलं. मोठ्या अभिमानानं.

विनायकरावायनं पोट्टीकडं पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

‘‘पाठवा,’’ ते म्हणाले. ‘‘पोरीच्या लग्नात लोक याहून जास्त सोसतात.’’