त्या दुपारी नाना उठले

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात माझं देवाजवळ मागणं बंद झालं होतं. मी धुळ्यातल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. एकवीरा आमची कुलदेवी. ड्युटीला निघताना तिचं नाव घेतल्याशिवाय मी कधी घराबाहेर पडले नव्हते. पण वॉर्डात एकामागून एक माणसं जात होती, आणि ज्यांच्यासाठी मी जीव तोडून मागावं तीच आधी जातात, असं मला वाटायला लागलं. मग मागायचीच भीती बसली. त्या सकाळी मी मोठ्या सिस्टरना सांगून टाकलं, की आता माझ्याने होत नाही, उद्यापासून येणार नाही. त्या रागावल्या नाहीत. "आजचा दिवस काढ," एवढंच म्हणाल्या.

वॉर्डात दोंडाईच्याकडचं एक वयस्कर शेतकरी जोडपं होतं. नाना बरे होत आले होते, पण अक्कांचा श्वास काही सुधारत नव्हता. नाना त्यांच्या खाटेशी बसून त्यांना चमच्याने पेज भरवायचे, मास्क सरकला की नीट करायचे. त्याच दिवशी जेवणाच्या वेळेआधी अक्का गेल्या. मी नळ्या काढल्या. नानांनी त्यांचा पदर सारखा केला, कपाळावरून हात फिरवला. कर्मचारी अक्कांना खाली घेऊन गेले. शववाहिका यायला वेळ होता, म्हणून नाना परत आपल्या खाटेवर येऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

तेवढ्यात समोरच्या खाटेवरच्या शिक्षकांचा ऑक्सिजन खाली यायला लागला. शिरपूरकडचे, तरुण, अंगाने भरलेले. त्यांना पालथं झोपवायला हवं होतं, म्हणजे फुप्फुसांना जागा मिळते. पण ते इतके थकले होते की त्यांना स्वतःहून कूसही बदलता येत नव्हती. डॉक्टर आणि बाकीच्या सिस्टर दुसऱ्या हॉलमधल्या एका पेशंटजवळ अडकल्या होत्या. माझ्याजवळ फक्त सफाईच्या मावशी. आम्ही दोघींनी जोर लावला, पण ते जागचे हलेनात. पीपीई किटच्या आत मी घामाने भिजले होते, चष्म्यावर वाफ धरली होती. आणि इतक्या दिवसांनी माझ्या तोंडून निघालं, "एकवीरा आई, आता तूच बघ."

मागून आवाज आला. "ताई, काय करानं ते सांगा. मन्हा हात रिकामा शेतस."

नाना उभे होते, रिकामे हात पुढे केलेले. मी म्हटलं, "नाना, तुम्ही बसा. तुमच्यावर आजच..."

"तिले जानं व्हतं, ती गयी," ते म्हणाले. "ह्या पोऱ्याले ऱ्हाऊ द्या."

मी डोक्याशी उभी राहून मास्क आणि नळी धरली. नानांनी खांद्याखाली हात घातले, मावशींनी कमरेशी. जन्मभर कापसाची गाठोडी उचललेले ते हात. मी सांगितलं तसं त्यांनी शिक्षकांना अलगद वळवलं, छातीखाली उशी सरकवली. मग तिथेच बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूहळू म्हणत राहिले, "श्वास घे भाऊ, घाई नही शे." हळूहळू ऑक्सिजनचा आकडा वर यायला लागला. मी बघत होते, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी पुसताही येत नव्हतं.

संध्याकाळी गाडी आली. डॉक्टरांनी नानांनाही घरी सोडलं होतं. नानांना खाली सोडायला मी गेले. गाडीत अक्का होत्या. चढण्याआधी ते थांबले आणि विचारलं, "त्या मास्तरले आते कसं वाटस?" मी म्हटलं, "बरं आहे, नाना." त्यांनी मान हलवली आणि ते अक्कांच्या शेजारी जाऊन बसले.

मास्तर पुढे बरे होऊन घरी गेले. मी नोकरी सोडली नाही. त्या दुपारी जे झालं त्याला चमत्कार म्हणावं का, ते मला ठरवता येत नाही. अक्का का गेल्या, मास्तर का राहिले, हेही मला कळलेलं नाही. इतकी वर्षं मी देवीजवळ कोण वाचावं ते मागत आले होते, जणू निवड माझ्या हातात आहे. आता मी तिला एवढंच सांगते, की जो समोर येईल त्याला मी धरीन, पुढचं तुझं. आणि माझी ताकद संपली की ती माणूस पाठवते. कधीकधी तो माणूस इतका दुःखात असतो, की त्याच्याकडे आपण मदत मागायचं धाडसच केलं नसतं.