सरकी फोडणारा दात

माझ्या थोरल्या भावाचा पुढचा दात सरकी चावून चावून गेला. सीमेवरच्या मुधोळला तो कापसाच्या जिनवाल्या सेठचा पारखी होता. शेतकऱ्याची गाडी वजनकाट्याजवळ लागली की भाऊ कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, एक सरकी सोलायचा आणि सगळ्यांसमोर पुढच्या दातांत धरायचा. कट्ट आवाज आला तर माल वाळलेला. नुसती दबली तर ओला, मग भाव पडला.

माझं किराणा दुकान काट्यासमोरच होतं, त्यामुळे हा तमाशा मला दर हंगामात फुकट बघायला मिळे. सेठनं चष्मा काढून धोतराला पुसायला घेतला की सरकी ओली निघायची. चष्मा नाकावर असला की वाळलेली. दाबायची कशी आणि फोडायची कशी, एवढंच भावाचं ज्ञान. शेतकरीही असे, की दरवर्षी श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत.

दात पडल्यावर मात्र त्याची पाचावर धारण बसली. फटीतून सरकी निसटायची. सेठ दुसरा माणूस शोधू लागल्याचं कानावर आलं. भावानं बाजारात दातांची पेटी मांडून बसणाऱ्याकडून तारेनं बांधलेला दात बसवून घेतला. तो पहिल्याच भाकरीबरोबर पोटात गेला.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. नागपूरला एक दातांचे डॉक्टर जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात चढवतात, असं कळलं. मी चौकशी केली, पत्र पाठवलं, सगळं ठरवलं. होळीनंतर हंगाम संपला की जायचं, म्हणजे दसऱ्यापर्यंत हाड स्क्रूला धरेल. इतकं सोपं होतं.

"आता लग्नसराई हाय," भाऊ म्हणाला. "टाके घातलेल्या तोंडानं पंगतीत बसू का?"

"फट घेऊन बसतोस ते चालते?"

"फटीले लोक वळखतात आता."

असं करत तो पोळा झाल्यावर नागपूरला गेला. मीच नेलं. डॉक्टरांनी स्क्रू बसवला, वर दिसण्यापुरता एक हलका दात लावून दिला आणि बजावलं, की सहा महिने या दातानं काहीही चावायचं नाही. स्क्रू हलला तर हाड त्याला धरणार नाही. मी ते कागदावर लिहून घेतलं आणि घरी आल्यावर त्याच्या आरशाशेजारी चिकटवलं. त्या कागदाकडे बघतच तो मिशा कातरायचा.

दिवाळी होताच गाड्या सुरू झाल्या आणि भाऊ काट्यावर जायला निघाला.

"भाऊ, डॉक्टरनं का सांगतलं होतं?"

"खिळा ठोकला ना हाडात? भिंतीत खुंटी ठोकली का तू सहा महिने थांबतं का अंगरखा टांगाले?"

"भिंतीले अक्कल लागत नाही. तुले लागते."

"मी घरी बसलो त सेठ दुसरा आणते. मंग तू पोसतं का मले?"

हे खरं होतं, पण वेळेवर गेला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

पहिली गाडी सीमेपलीकडच्या एका म्हाताऱ्याची होती. सेठनं चष्मा काढला. भावानं सरकी दातांत धरली, आणि एवढा मोठा कट्ट आवाज झाला की तो मला दुकानात ऐकू आला. भाऊ तोंड गच्च मिटून उभा.

"वाळली!" म्हातारा ओरडला. "आयकलं ना सारेइनं? आता काऊन बोलून नाही राह्यले पारखी?"

"क्या हुआ? बोलो ना," सेठ चष्मा पुसता पुसता म्हणाला.

भावानं फक्त होकारार्थी मान डोलावली. बोलला असता तर दात बाहेर पडला असता. म्हातारा वाळलेल्या मालाचा भाव घेऊन गेला. जाताना त्यानं भावाला हात जोडले, म्हणाला, "देवमाणूस हाय." मी काउंटरवर डोकं टेकून हसलो.

नागपूरला डॉक्टरांनी ढिला झालेला स्क्रू चिमट्यानं सहज उपसला. भावानं विचारलं, "दुसरा लगेच बसते का?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. अशा माणसाला घेऊन येणारा कोण, हे त्यांना बघायचं असावं.

परत आल्यावर भाऊ माझ्या दुकानात आला, आवाज एकदम मऊ.

"बाप्पा, तुये दात चांगले हायेत. तू नुसती चावत जाय, काय ते मी सांगत जाईन. नाही त माही जागा गेली."

मी दुकानाला कुलूप लावून काट्यावर गेलो. तीन बहिणींची एक गाडी उभी होती. सेठनं चष्मा काढून धोतराचं टोक हातात घेतलं. भावानं मला डोळ्यानं खुणावलं. मी सरकी फोडली. ती खडखडीत वाळलेली होती, आणि तसं मी मोठ्यानं सांगितलं.

सेठनं चष्मा परत लावला आणि आधी मला, मग भावाला नीट पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी काट्यावर दुसरा पारखी होता. बत्तीशी शाबूत.

भाऊ संक्रांतीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. तेवढे दिवस दुकान शांत चाललं. संक्रांतीला मी तिळगुळाचा लाडू दिला, तेव्हा त्यानं तो मागच्या दाढेखाली सरकवला आणि अगदी जपून, हळूहळू चावला. तेवढं डॉक्टरांचं त्यानं आता ऐकलं होतं.