कावा आणि वलीचाचांची जीभ

वलीचाचांनी साठी गाठली होती, गुडघे कधीच गेले होते, आणि उम्म अल कुवैनच्या आमच्या गोदामात शेठनी त्यांना ठेवलं होतं ते केवळ त्यांच्या जिभेसाठी. माणूस मूळचा हर्णैचा. आधी पंचवीस वर्षं वेलची आणि कॉफी चाखली, मग शेठ पॅसिफिकच्या बेटांवरून कावा मागवायला लागले. कावा म्हणजे एका झाडाचं मूळ. ते वाळवून, कुटून, पाण्यात कालवून पितात. रंग गढूळ, चव मातीची, आणि घोट घेतला की जीभ बधिर. आमच्याकडून तो माल पुढे जहाजाने परदेशी जायचा. पहिलं पोतं उघडलं तेव्हा चाचा हसले होते. "कावा? आपल्यात कावा म्हणजे डाव. सांभाळून रे बाबांनो!"

बेटागणिक त्याचा स्वभाव बदलतो, हे त्यांनीच मला शिकवलं. "सामोआचा मन हलकं करतो. टोंगाचा गुमान बसतो. फिजीचा मिरीसारखा चरचरतो. वानुआतूचा थेट पायांत उतरतो." वानुआतूतच एक स्वस्त, जहाल जात आहे. तिला टू-डे म्हणतात, कारण ती चढली की दोन दिवस डोकं जड आणि पोटात मळमळ. चाचा कधी गिळत नसत. गुळणी करायची, थुंकायचं, खुबूस रोटीचा कोरडा तुकडा चावायचा आणि वीस मिनिटं थांबायचं. "सौम्य आधी, जहाल शेवटी. उलटं केलंस तर जीभ मेली म्हणून समज." हे त्यांनी मला शिकवलं आणि शेठचा मुलगा जय यालाही.

जय दुबईत वाढलेला. मराठी समजायचं, उत्तर इंग्रजीत. त्याने डिसेंबरात पहिल्यांदाच स्वतः सौदा करून फिजीचा कंटेनर आणला. चाचांनी गुळणी केली आणि थुंकले. "हा फिजीचा नव्हे. वानुआतूचा टू-डे आहे." एवढ्यावर थांबले असते तर! पण जीभ सैल सुटली. "जयबाळा, कुणीतरी तुझ्याशीच कावा केला की!" सगळं गोदाम हसलं. सर्वांत मोठ्याने मी.

साठीच्या माणसाला ठेवायचं की नाही, हे शेठ जानेवारीत ठरवणार होते. चाचांची लायबा बारावीत होती, वडिलांच्याच व्हिसावर. परीक्षा मार्चमध्ये. "शेठ, मार्चपर्यंत तरी ठेवा," चाचा म्हणाले होते, आणि शेठनी इन्शाल्ला म्हटलं होतं. आमच्याकडे इन्शाल्ला म्हटलं की काय समजायचं, ते ज्याने त्याने ठरवायचं.

त्याच महिन्यात फिजीचा एक म्हातारा व्यापारी माल बघायला येणार होता. जयने शेठना पटवलं, पाहुण्यांसमोरच चाचांची परीक्षा घेऊ, चार प्याले. मग मला बाजूला घेतलं. "अनिल अंकल, नंबर वनला आपला नवा लॉट ठेवा. द स्ट्राँग वन. अँड नंबर फोर, जस्ट फ्लार अँड वॉटर." मला सगळं समजलं. माझ्याही व्हिसावर शेठचीच सही होती. चौथ्या प्याल्यात मी पीठ कालवलं.

पाहुण्याने कावा पिण्याच्या रिवाजाप्रमाणे टाळी वाजवली. जय गोड हसला. "चाचा, नो स्पिटिंग, ओके? गेस्टला इन्सल्ट वाटेल." चाचांनी पहिला प्याला एका दमात रिकामा केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहत होतो.

"टू-डे," ते म्हणाले. "शेठ, आता वीस मिनिटं द्या."

"हिज फ्लाइट इज ॲट फोर," जय म्हणाला. "यल्ला, चाचा."

दुसरा टोंगाचा, त्याला ते फिजी म्हणाले. तिसरा फिजीचा, त्याला वानुआतू म्हणाले. बधिर ओठांतून शब्द घसरत होते, हनुवटीवर लाळ आली होती. चौथा प्याला त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला. "सामोआ," ते म्हणाले, आणि शेठच्या तोंडाकडे आशेने बघत राहिले.

"दॅट्स आटा, चाचा."

पाहुणा हसला. मग शेठही हसले. आणि जन्मात माझ्याशी मराठीत न बोललेला जय स्वच्छ मराठीत म्हणाला, "कावा ओळखता नाही आला?"

"खलास," शेठ म्हणाले. पहिल्याला टू-डे म्हणाले तेही अंदाजपंचेच, असं ठरलं. कंटेनर फिजीच्याच नावाने पुढे गेला. चाखायचं काम आता माझ्याकडे आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. जय आधी लेबल दाखवतो, मग मी घोट घेतो.

फेब्रुवारीत, परीक्षा पाच आठवड्यांवर असताना, चाचा हर्णैला परत निघाले. मी निर्लज्जासारखा त्यांच्या अल कुसैसच्या खोलीवर बॅगा उचलायला गेलो.

"पीठ कुणी कालवलं होतं रे?" त्यांनी जिन्यात विचारलं.

"जयने."

"एक गुठळी नव्हती," चाचा म्हणाले. "जयला चहात साखर ढवळता येत नाही."

मी बॅगा टॅक्सीत ठेवल्या. मागच्या सीटवर लायबा केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून पाठ करत बसली होती. तिने मान वर करून म्हटलं, "थँक यू, अंकल."