मास्तर थोड़े विक्षिप्त हैं

चूक माझी. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की भगवंतराव हेडमास्तरांनी लपवून ठेवलं.

छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमची सौंसर तहसील मध्य प्रदेशातच राहिली. भोपाळ राजधानी झाली अन् शाळेचे कागद हिंदीत मागू लागले. माझं हिंदी म्हणजे मराठी वाक्य लिहायचं आणि शेवटी 'है' ठोकायचं. त्याच हिंदीत मी सत्तावन साली गुणवंता मास्तरांचा वार्षिक अहवाल लिहिला : 'मास्तर थोड़े विक्षिप्त हैं, परंतु काम उत्तम है.'

आता तुम्हीच सांगा, काय वाईट लिहिलं? मास्तर विक्षिप्त होतेच. पहिलीच्या पोरांना अहो-जाहो करायचे. वाटेत बैल दिसला की नमस्कार घालायचे. आणि सगळ्यांत मोठा प्रकार म्हणजे उलटं चालणं. शाळा सुटली की गावाबाहेरच्या वस्तीवरची तीस पोरं रांगेनं निघायची. रांगेपुढे मास्तर, तोंड पोरांकडे. तसेच मागे मागे पावलं टाकत, पाढे म्हणवून घेत अर्धा मैल जायचे. एकदा वाटेवरच्या कवडू संत्रेवाल्याच्या ढिगात जाऊन बसले होते! सगळं गाव हसलं, मीही हसलो. पण त्यांच्या वर्गात एक पोरगं नापास होत नव्हतं. म्हणून तर तो शब्द मी कौतुकानं घातला.

महिन्याभरानं वरून पत्र आलं. हिंदीत विक्षिप्त म्हणजे चक्क वेडा! डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत मास्तरांनी वर्गात पाऊल टाकायचं नाही, आणि डॉक्टर नाही म्हणाले तर नोकरी संपली.

संध्याकाळी मास्तरांची बायको मनकर्णाबाई थेट माझ्या ओट्यावर उभी. "माह्या माणसाले येडा लिहून धाडलं का जी तुम्ही?"

"वहिनी, मराठीत त्याचा अर्थ..."

"अर्थ गेला चुलीत! घरी बसून भिंतीले पाढे शिकवून राहिले ते. असेच बसले तर खरंच येडे होतीन!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी स्वतः मास्तरांना घेऊन छिंदवाड्याला गेलो. डॉक्टर जबलपूरकडचे, चष्म्यावरून पाहणारे. मी आधीच तापलेला. टेबलावर हात आपटून म्हणालो, "साहब, ये पागल नहीं हैं, विक्षिप्त हैं!" डॉक्टरांनी क्षणभर मलाच निरखून पाहिलं.

मग त्यांनी मास्तरांना विचारलं, झोप लागते का, जेवण जातं का, कोणाचे आवाज ऐकू येतात का.

"येतात ना जी. तीस पोरांचे."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि पोरांचा, उलट्या चालण्याचा सगळा प्रकार डॉक्टरांना सांगून टाकला.

"उलटे क्यों चलते हैं? बच्चों के पीछे क्यों नहीं चलते?"

मास्तर हिंदीच्या वाटेला गेलेच नाहीत. "मागून पोरांच्या पाठी दिसतात, डॉक्टरसाहेब. पुढून तोंड दिसते. कोण उपाशी आलं, कोण पाढा न म्हणता नुसते ओठ हालवून राहिलं, हे पाठीवरून कसं समजन?"

मी त्याचं हिंदी करायला सरसावलो, तर डॉक्टर म्हणाले, "आप रहने दीजिए." त्यांना समजलं होतं.

मग त्यांनी मलाच समोर बसवून शिकवणी घेतली. त्यांचं म्हणणं असं, की चार लोकांसारखा वागत नाही एवढ्यावरून कोणी आजारी ठरत नाही. त्या वागण्यानं त्याला स्वतःला त्रास होतो का, रोजचं काम अडतं का, कोणाला धोका आहे का, हे सगळं पाहावं लागतं. मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "आपको कोई तकलीफ?"

"एकच. पोरं दिसून नाही राहिली."

डॉक्टरांनी लेखणी उचलली आणि लिहिलं, 'पूर्णतः सामान्य.'

मी आनंदानं बाहेर आलो, तर मास्तरांचे गाल फुगलेले. "आता काय झालं बाप्पा?"

"एकोणीस वर्षं शिकवलं भगवंतराव, अन् मी सामान्य? निव्वळ सामान्य?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हिंदीत त्याचा अर्थ डोकं ठिकाणावर असलेला, हे पटवता पटवता सौंसर आलं. दुसऱ्याच दिवशी पोरांची रांग निघाली आणि पुढे मास्तर उलटे.

पुढच्या वर्षी पुन्हा अहवाल आला. मास्तर समोरच बसले होते. 'स्वभाव' या रकान्यापाशी मी थांबलो. या माणसाला शोभेल असा मराठीत एकच शब्द मला सुचत होता, असामान्य. मी 'अ' लिहिला तोच मास्तरांनी झडप घालून माझा हात धरला.

"पाया पडतो जी! हिंदीत ते वाचलं की मी पुन्हा छिंदवाड्याले!"

मी मुकाट्यानं 'अ' खोडला आणि 'सामान्य' लिहून सही केली. मग लेखणी ठेवून, तोंडानं, मराठीत सांगितलं, "मास्तर, तुम्ही असामान्य आहात. मी चुकलो, माफ करा."

मास्तर उठले, नमस्कार केला, आणि माझ्याकडे तोंड ठेवून दारापर्यंत उलटे चालत गेले.