बांधलेला पाय

बायजामावशी बोटाच्या पेरानं आपल्या नव्या गुडघ्यावर टकटक करायच्या आणि मान वाकडी करून ऐकायच्या. माठ घेताना बायका करतात ना, तसं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आत ढिला झालाय का काय, बगते. देवानं दिलेला झिजला, बाई. मानसानं बसवलेला किती टिकंल?"

सिडकोतल्या आमच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर राहायच्या, मी खाली. मी शाळेत शिकवायचे, म्हणून त्यांची 'बाई'. त्यांचा जन्म गंगापूरकडे मेंढरांमागं चालण्यात गेला. मुलगा सोपान वाळूजच्या कारखान्यात लागला, तेव्हा त्याच्यामागं शहरात आल्या. तोवर गुडघे पार कामातून गेले होते. सोपाननं पुण्याला नेऊन एका गुडघ्याचं ऑपरेशन करवलं. गुडघा बदलून मिळतो, हे इमारतीत कुणाला खरंसुद्धा वाटत नव्हतं.

पाय रोज वाकवायचा, कितीही दुखलं तरी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मावशी "व्हय" म्हणाल्या. त्या सगळ्यालाच व्हय म्हणायच्या. जखम छान भरली, पण पाय मात्र लाकडासारखा ताठ होत चालला. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या ताई हैराण झाल्या, सून सुनीता रडकुंडीला आली. आत काही बिघडलं असेल, पुन्हा फाडावं लागेल, असं जो तो बोलू लागला. वरून पाय घासल्याचा आवाज दिवसभर माझ्या घरात ऐकू यायचा.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस. शहर कधी पेटेल याचा नेम नसायचा. एका दुपारी दुकानांची शटरं धडाधड खाली आली, बस बंद झाल्या आणि पहिल्या पाळीला गेलेला सोपान घरी आला नाही. वाळूजच्या रस्त्यावर दगडफेक चाललीय, असं कुणीतरी सांगून गेलं. मी कडी लावून बसले होते. तेवढ्यात जिन्यात काहीतरी घसरलं. दार उघडून बघते तर मावशी कठड्याला लोंबकळलेल्या. लेकाला शोधायला निघाल्या होत्या. त्यांना सावरताना लुगड्याखाली हाताला टणक काहीतरी लागलं. गुडघ्याच्या दोन्ही अंगांना बांबूच्या कामट्या होत्या आणि त्या फडक्यानं गच्च आवळलेल्या होत्या.

"मेंढराचा पाय मोडला की असाच बांधतो आमी," मावशी म्हणाल्या. "हालला की हाड धरत नाय. त्या ताई हालवून जात्यात, मंग म्या बांधून टाकते."

इतक्या विश्वासानं सांगत होत्या की मला रागवायचंही सुचलं नाही. दोघी तिथंच पायरीवर बसून राहिलो. सोपान संध्याकाळी आला, वाळूजहून चालत, धुळीनं माखलेला.

कामट्या सुटल्या, पण आता भूल देऊनच पाय वाकवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात आत नेण्याआधी मावशींनी माझा हात धरला.

"बाई, लंगडी मेंढी कळपासंगं चालत नाय. तिला खाटकाला देत्यात. म्या सोता दिल्यात." मग आवाज आणखी खाली गेला. "सोपान काय म्हनत नाय. मेंढीलाबी कुनी सांगत नाय."

पाय वाकला, पण पुरता नाही. मध्येच सूज चढली, ताप आला, वाकलेला पाय पुन्हा आखडला. मावशी परत पहिल्यापासून व्यायामाला लागल्या. "भ्याव काय जायचं नाय, पाय तर वाकाया पायजे," असं पुटपुटत, डोळे मिटून, त्या गुडघा दाबायच्या. धीराची बाई म्हणतात तशा त्या अजिबात नव्हत्या. इतकं घाबरून इतकं नेटानं काही करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पुढं सोपाननं वाळूजलाच घर घेतलं. सामान न्यायला टेम्पो आला, तेव्हा वर अजून भांडी बांधणं चाललं होतं. मावशी एकट्या, एकेक पायरी करत खाली उतरल्या आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. त्या अरुंद जागेत गुडघा मुडपून बसताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी चहाला बोलावलं, तर उतरल्या नाहीत.

सोपान खाली आला. "आई, लई येळ हाय अजून. उतर, पाय दुखंल." त्या हलल्या नाहीत. तेव्हा तो टेम्पोच्या दाराशी येऊन हळू म्हणाला, "तुला सोडून कुठं जाईन म्या?"

"ठावं हाय," मावशी म्हणाल्या. "पर म्या बसूनच ऱ्हाते."